रिकामा चाप ओढला तर बंदूक बिघडते का?

कॉलेजात एनसीसीला असताना मी रिकामी रायफल उगाच खटखट वाजवली, आणि उस्तादांनी मैदानाला चकरा मारायला लावल्या. म्हणे, 'पिन जाईल!' गोळीच नाही तर बिघडणार काय? आमच्या कोडिंगमधल्या ड्राय रननं तर काही तुटत नाही. उत्तर सापडलं बंदुकीच्या इतिहासात. सुरुवात आपल्या धारूरपासूनच करूया.

1631 च्या जानेवारीत शाहजहानचा सरदार आझमखान यानं निजामशाहीकडून धारूरचा किल्ला घेतला. तो काळ तोड्याच्या बंदुकीचा. चाप ओढला की जळता तोडा खाली वाकून बाजूच्या वाटीतल्या दारूला टेकायचा, बस्स. ठोका नाहीच, मग रिकाम्या चापानं मोडणार काय?

ठोका आला चकमकीच्या बंदुकीत. घोड्यात धरलेली गार पोलादावर आपटायची आणि दरवेळी तिची धार थोडी झिजायची. म्हणून इंग्रज पलटणींत कवायतीला गारेऐवजी लाकडाचा तुकडा बसवत.

खरी पंचाईत झाली टोपीच्या बंदुकीत. 1857 ची एनफिल्ड याच जातीची. आपण तिच्या काडतुसांबद्दलच बोलत बसतो. नळीच्या मागे बारीक पोकळ खुंटी, तिच्यावर तांब्याची टोपी, टोपीवर घोडा. टोपी नसेल तर घोडा थेट खुंटीवर! खुंटीचं तोंड चेपलं की टोपी नीट बसत नाही आणि ऐन लढाईत बार उडत नाही. उपाय साधाच: आत चामडं असलेलं, साखळीनं बंदुकीला अडकवलेलं छोटं टोपण. नाव स्नॅप कॅप. आजच्या डमी काडतुसालाही हेच नाव आहे.

आता उस्तादांची पॉइंट ट्वेंटी टू. या रिमफायर काडतुसाच्या कडेवर पिन आपटते. काडतूस नसेल तर काही रायफलींत ती चेंबरच्या कडेवर आदळते, तिथे खळगा पडतो, मग काडतूस अडकतं. म्हणजे उस्ताद बरोबर होते! कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं ते याच बोअरच्या रायफलीनं. नेमबाज रिकाम्या चापाचा सराव भरपूर करतात, पण त्याची सोय करून. बऱ्याच आधुनिक सेंटरफायर बंदुकांना फारसा त्रास होत नाही. स्प्रिंगच्या एअरगनला मात्र होतो, कारण पुढे छर्रा नसेल तर पिस्टन जोरात आदळतो.

आणि कुणाच्या घरी पणजोबांची ठासणीची बंदूक असेल, तर चाप ओढूच नका. जुना बार वर्षानुवर्षं नळीत तसाच राहिलेला असू शकतो. परवानाधारक कारागिराकडून आधी नळी तपासून घ्या. तो गज आत घालून खोली मोजतो आणि बाहेरून नळीशी ताडून बघतो.