जनमत कौल : एका प्रश्नाची दोन उत्तरे

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला आणि लवकरच गोमंतकीयांपुढे नवा प्रश्न उभा ठाकला : महाराष्ट्रात विलीन व्हावे, की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहावे?

डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीनंतर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. हा विजय म्हणजेच विलीनीकरणास मिळालेली संमती, अशी पक्षाची भूमिका होती. डॉ. जॅक द सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षास ती मान्य नव्हती. या प्रश्नावर जनतेचा वेगळा कौल घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता. घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे सीमा ठरविण्याचा अधिकार संसदेचा. मतदारांना विचारण्याचे बंधन तिच्यावर नाही. तरीही डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी खास कायदा केला. कौल निःपक्षपाती वातावरणात व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

प्रचाराची रणधुमाळी प्रामुख्याने वृत्तपत्रांतून गाजली. बा. द. सातोस्करांच्या संपादकत्वाखालील ‘गोमन्तक’ने विलीनीकरणाचा पुरस्कार केला, तर ‘राष्ट्रमत’मधून उदय भेंब्रे यांच्या ‘ब्रह्मास्त्र’ सदराने त्याचा कठोर प्रतिवाद केला. दोन्ही दैनिके मराठीच होती, हे विसरता कामा नये. मराठी वाचणारा प्रत्येक गोमंतकीय विलीनीकरणवादीच असेल, हे गृहीतक तेथेच ढासळले.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाची निशाणी फूल, केंद्रशासित प्रदेशाची दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली आणि दोन पानांना १,७२,१९१. चौतीस हजारांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला.

खरा बोध मात्र पुढेच आहे. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा सत्तेवर बसविले. विलीनीकरण नाकारणाऱ्या अनेकांना बांदोडकरांचे राज्य मात्र हवे होते. पक्षाला दिलेले मत आणि प्रदेशाच्या भवितव्याविषयीचे मत एकच नसते, हे याहून स्पष्टपणे कसे सिद्ध व्हावे?

बेळगावकरांच्या वाट्याला असा कौल आला नाही. तेथे महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला. २६४ गावे महाराष्ट्राकडे आणि २४७ गावे म्हैसूरकडे द्यावीत, परंतु बेळगाव म्हैसूरमध्येच राहावे, असे सुचविले. तो वाद २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दारी गेला. गोव्यात हरलेल्या पक्षानेही निकाल शिरोधार्य मानला, कारण तो प्रत्यक्ष जनतेने दिलेला होता. पुढे ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाला. कौलाने मराठी-कोंकणीचा वाद मिटला नाही. परंतु प्रदेशाच्या सीमेचा प्रश्न मात्र कायमचा निकाली निघाला. ज्यांचे भवितव्य ठरावयाचे, त्यांनाच आधी विचारण्याचे हे फळ होय.