चोखोबाच्या नावाची मुलींची शाळा



आपल्या लकडगंजातून पाचपावली काही लांब नाही. ऑटोत बसलं की पोचलोच. तिथे १९०७ साली किसन फागूजी बनसोडे यांनी मुलींची शाळा काढली, चोखामेळ्याच्या नावाची. बनसोडे मूळचे मोहप्याचे, कवी आणि पत्रकार. ज्या मुलींना इतर शाळांचं दार बंद होतं, त्यांच्यासाठी ही शाळा होती.

पण आज मला जास्त बोलायचं आहे ते जाईबाई चौधरींबद्दल. १८९२ साली उमरेडला त्यांचा जन्म झाला. दुष्काळात घर सुटलं आणि कुटुंब नागपूरला आलं. नवव्या वर्षीच बापूजी चौधरींशी लग्न झालं. मग पोटासाठी कामठी-नागपूर रस्त्यावर डोक्यावरून ओझी वाहायची! तिथेच मिशनमधल्या ग्रेगरी नावाच्या बाईंनी त्यांना पाहिलं, शिकवलं आणि मिशनच्या शाळेत शिक्षिका म्हणून लावलं. पगार महिना चार रुपये. ओझं वाहणाऱ्या बाईच्या हाती खडू आला.

हे फार दिवस टिकलं नाही. शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळल्यावर सवर्ण पालकांनी मुलांना शाळेत पाठवणं बंद केलं. शिकवण्यात खोट होती असं कोणी म्हटलं नव्हतं, बरं का. नोकरी मात्र गेली.

जाईबाई घरी बसल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी आपल्या वस्तीत मुलींची शाळा सुरू केली. नाव पुन्हा संत चोखामेळ्याचंच. मुलगी शिकून काय करणार, असं विचारणारे तेव्हा घरोघरी होते. त्यांच्या दारात जाऊन मुली आणायच्या होत्या.

या नावावरूनही पुढे वाद झाला, आणि तो घरातला होता. चोखोबा विठ्ठलाचे थोर भक्त, पण देवळाबाहेरच राहिले. पंढरपूरला त्यांची समाधीही महाद्वाराबाहेर आहे. सुरुवातीच्या कार्यकर्त्यांना हे नाव अभिमानाचं वाटे. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली, तेव्हा अनेक तरुण विचारू लागले, दाराबाहेर उभं राहणाऱ्याचं नाव आम्ही का मिरवावं? बनसोडे धर्मांतराच्या विरोधात राहिले आणि चळवळीपासून दूर गेले. मला दोन्ही बाजू समजतात. ज्याच्या नावाने पहिली पाटी हातात आली त्याला सोडणं सोपं नसतं, आणि उंबऱ्याबाहेर थांबण्यातच भक्ती मानणंही नव्या पिढीला शक्य नव्हतं.

सगळ्यात जास्त बोचते ती १९३७ च्या डिसेंबरातली गोष्ट. अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन आपल्या नागपुरात भरलं होतं. देशभरातल्या शिकल्या-सवरल्या बायका आल्या होत्या. स्त्रीशिक्षणावर भाषणं करणाऱ्या या मंडपात जेवणाच्या वेळी जाईबाईंना मात्र वेगळं बसवलं. स्वतः शाळा चालवणारी बाई, आणि तिचं ताट पंक्तीबाहेर! मिशनच्या शाळेतले ते पालक निदान उघडपणे जात पाळत होते. इथे बहीण म्हणून बोलावून हे झालं, म्हणून ते मला अधिक वाईट वाटतं.

नागपूरच्या दलित स्त्रियांनी ते मुकाट गिळलं नाही. १ जानेवारी १९३८ ला त्यांनी निषेधाची सभा घेतली. आपली संघटना आपणच बांधायची, ही भावना त्यातून बळावली. चार वर्षांनी, २० जुलै १९४२ ला, याच शहरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार बायका जमल्या होत्या, आणि बाबासाहेबांनी त्यांना मुलांना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, असं सांगितलं. त्या दिवशी मंजूर झालेल्या ठरावांत नवऱ्यापासून काडीमोड घेण्याचा हक्क होता, कामगार स्त्रियांच्या रजा होत्या, आणि मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहं काढावीत ही मागणीही होती.