कांडीतलं पान

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारची गोष्ट. माझी लेक हातात एक मातकट हिरवी कांडी घेऊन समोर येऊन उभी राहिली. अंगठ्याएवढी जाड, जेमतेम वीतभर लांब, दोन्ही टोकं चेपलेली. "अब्बा, ओळखा यात काय आहे."

मी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणालो, "काय असणार? माती."

तिने ती कांडी फरशीच्या तुकड्यावर आडवी ठेवली, पातळ पात्याने टोक कापलं. पहिली चकती नुसता गिचमिड काला होता. दुसरीही तशीच. तिसरी चकती कापली आणि तिने ती माझ्या तळहातावर ठेवली. ते पान होतं. मधोमध फिकं पोपटी, कडेकडे गडद होत गेलेलं, मधली शीर ठळक, दोन्ही बाजूंना बारीक शिरा, टोक निमुळतं. तिने आणखी एक चकती कापली. तेच पान. आणखी एक. पुन्हा तेच. अळूवडीचा उंडा कापताना प्रत्येक वडीत तीच गुंडाळी दिसते ना, तसंच हे. फक्त इथे गुंडाळीच्या जागी चित्र होतं, आणि ते पानं होऊन बाहेर पडत होतं.

हे कसं होतं, ते आधी सांगतो. ही माती म्हणजे पॉलिमर क्ले. नावात माती आहे, पण माती नाही. घरात नळाचे पाइप ज्या पीव्हीसीचे असतात, त्याच जातीची भुकटी, ती मऊ ठेवणारं द्रव्य आणि रंग. वाऱ्याने वाळत नाही, ओव्हनमध्ये ११० ते १३० अंशांवर भाजली की टणक होते. (फार तापवली तर करपून घशाला झोंबणारा वाईट धूर सोडते, म्हणून आमच्याकडे तिचा ओव्हन वेगळा आहे आणि त्यात खाण्याचं काही ठेवायचं नाही, असा माझ्या बायकोचा सक्त हुकूम आहे.)

पानाची कांडी करायची तर आधी दोन हिरवे रंग एकमेकांत विरघळवायचे. दोन रंगांचे दोन त्रिकोण जोडून घडी घालायची, लाटायचं, पुन्हा त्याच दिशेने घडी, पुन्हा लाटायचं. वीस-पंचवीस वेळा केलं की गडद कुठे संपला आणि फिका कुठे सुरू झाला ते कळत नाही. ही युक्ती ज्युडिथ स्किनर या अमेरिकन बाईंनी रूढ केली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मग त्या पट्टीचं जाडजूड लोडकं करायचं. ते उभं ठेवून वरून खाली चार-पाच काप द्यायचे, प्रत्येक कापात काळपट रंगाचा कागदासारखा पातळ पापुद्रा ठेवायचा आणि तुकडे परत जुळवायचे. या झाल्या बाजूच्या शिरा. आता सगळ्यात महत्त्वाचा काप. त्या शिरांना तिरका छेद देत लोडक्याचे दोन भाग करायचे, त्यातला एक टोकाकडून टोकाकडे उलटा करायचा आणि मधे एक पापुद्रा घालून दोन्ही पुन्हा चिकटवायचे. एका बाजूच्या शिरा डावीकडे झुकतात, दुसऱ्या बाजूच्या उजवीकडे. अर्धं पान दुसऱ्या अर्ध्याचा आरसा होतं. मग भोवती गडद रंगाची साल, एका बाजूला लांबीभर चिमटा, आणि दाबत, ओढत, लांबवत न्यायचं. कांडी बारीक होते तसं आतलं पान लहान होत जातं, पण मोडत नाही. टोकांची चकती तेवढी वाया जाते.

सबंध वेळ चित्र आत असतं आणि करणाऱ्याला दिसत नसतं. आपण जे करतोय ते बरोबर की चूक हे कापल्याशिवाय कळायची सोय नाही. मला हे ओळखीचं वाटलं. कोऱ्या कागदासमोर बसणाऱ्या कोणालाही वाटेल.

पण मला त्याहून जास्त ओळखीचं वाटलं ते दुसरंच. आम्ही मणियार. माझे आजोबा गावोगाव फिरून बायकांच्या हातात बांगड्या भरायचे. दोऱ्यात ओवलेल्या काचेच्या बांगड्या खांद्यावर, आणि एका डबीत मणी. बांगडी फुटली असं ते कधी म्हणायचे नाहीत, वाढली म्हणायचे. त्या डबीत एक मणी होता, काळ्या काचेत पांढरी-तांबडी फुलं रुतलेला. तो त्यांनी कधी विकला नाही. "हे फूल वरून काढलेलं नाही बाबा, आतून आलंय," असं म्हणायचे. कोणी केलं, हे त्यांना माहीत नव्हतं. विकणाऱ्याला करणाऱ्याचं नाव ठाऊक नसतं.

लेकीच्या कांडीमुळे मी तो मणी शोधत मागे गेलो. फार मागे जावं लागलं.

रंगीत काचेच्या चकत्या एकमेकींना चिकटवून भांडं करायची रीत मेसोपोटेमियात साडेतीन हजार वर्षांपूर्वी होती. पण चित्र पोटात घेऊन जाणारी कांडी खरी बहरली ती इसवीसनाच्या आगेमागे, इजिप्तमध्ये. तिथल्या काचकारांनी फुलं केली, पानं केली, ग्रीक नाटकातले मुखवटे केले. मुखवट्यांची गंमत ऐका. कांडीत पूर्ण चेहरा नसेच. अर्धाच. एक डोळा, अर्धं नाक, अर्धं तोंड. एकाच कांडीच्या दोन चकत्या कापायच्या, एक उलटी करायची आणि शेजारी ठेवायची, की चेहरा पुरा. माझ्या लेकीने स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पानाचा अर्धा भाग उलटा केला, तेव्हा ती दोन हजार वर्षांपूर्वीचाच काप घेत होती.

त्या काळात त्या बाजूची काच आपल्याकडे येत होती. इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी खलाशाने 'पेरिप्लस' नावाची बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे. भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात त्याने कच्ची काच नोंदवली आहे. आणि त्याच बंदरात गाड्यांतून काय यायचं? पैठणहून अकीक, तगरहून तलम आणि जाडंभरडं कापड. तगर म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. काच आत, कापड बाहेर.

मग काचेत फुंकर मारून भांडं फुगवण्याची कला निघाली आणि पसरली. भांडी झटपट आणि स्वस्त व्हायला लागली. एकेक चकती जुळवत बसणाऱ्याला गिऱ्हाईक उरलं नाही. कांडीची विद्या हळूहळू मागे पडली.

ती पुन्हा डोकं वर काढते ती इटलीत, व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर. व्हेनिसने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या या बेटावर हलवल्या. शहराला आगीची भीती होती हे एक कारण, पण कारागीर एकाच बेटावर असले की नजरेखाली राहतात, हेही झालं. बेट सोडून परमुलखात जाऊन ही कला करणं म्हणजे गुन्हा होता. बापाकडून मुलाकडे, भिंतीच्या आत.

मुलाकडे, असं म्हणालो खरा. पण १४८७ सालच्या एका कागदात मारिया बारोव्हिएर हे नाव आहे. नामवंत काचकार अँजेलो बारोव्हिएरची ही मुलगी. तिला स्वतःची छोटी भट्टी लावायची परवानगी मिळाल्याची ही नोंद. 'रोझेत्ता' नावाचा मणी तिच्या नावाशी जोडला जातो. पांढरी, निळी, तांबडी काच एकावर एक चढवत साच्यात दाबायची, कांडी ओढायची, तुकडा कापून टोकं घासायची, की आतून चांदणी उगवते. कांडी ओढायची म्हणजे कशी? गरम काचेच्या गोळ्याला दोन्हीकडे लोखंडी दांडे लावून दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून चालू लागतात. काच मधे लांबत जाते, तिच्या पोटातली चांदणी बारीक होत जाते.

पुढे हीही विद्या सुस्तावली. १७९७ मध्ये व्हेनिसचं राज्यच संपलं. एकोणिसाव्या शतकात जुन्या तुकड्यांकडे पाहून कारागीर पुन्हा शिकले. जियाकोमो फ्रांकिनीने तर अवघ्या काही मिलिमीटर रुंदीच्या कांडीत माणसांचे चेहरे उतरवले. कावूर, गॅरिबाल्डी, तिसरा नेपोलियन. मसुराच्या दाण्यात मावेल असा चेहरा, त्यात मिशा आहेत आणि डोळ्यात चमक आहे. १८६० च्या दशकात मानसिक आजाराने त्याचं काम थांबलं. तो पुढे कितीतरी वर्षं जगला, पण कांडीकडे परतला नाही. मुरानोच्याच व्हिन्चेन्झो मोरेत्तीने प्राचीन पद्धतीची भांडी नव्याने करून दाखवली आणि १८७८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ती मांडली गेली.

आता या गोष्टीतला जो भाग सांगायला जीभ जड होते, तो. हे सुंदर मणी गेले कुठे? त्यातले पुष्कळ आफ्रिकेत गेले. युरोपची जहाजं कापड, दारू, धातू आणि मणी घेऊन पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागत आणि बदल्यात सोनं, हस्तिदंत आणि माणसं भरून नेत. फुलाफुलांचे मणी बहुतेक त्यानंतरचे, गुलामांचा व्यापार बंद होत आल्यानंतरचे, हे खरं. पण मारियाची चांदणी त्या काळातून गेलेली आहे. लंडनच्या लेव्हिन नावाच्या व्यापाऱ्याचे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचे नमुन्याचे पुठ्ठे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पुठ्ठ्यावर ओळीने शिवलेले मणी. कुठल्या मालाच्या बदल्यात चालतील, याची टिपणं. व्यापाऱ्याचं नाव आहे. करणाऱ्यांची नाहीत. माझ्या आजोबांची डबी आठवली, आणि बरं वाटलं नाही.

आफ्रिकेतल्या लोकांनी मात्र हे मणी जपले. लग्नात घातले, मुलींना दिले, पुरलेही. १९६० आणि ७० च्या दशकांत तेच मणी पोत्यांनी अमेरिकेत विकायला आले आणि तिथल्या तरुण पोरापोरींच्या गळ्यात दिसू लागले. ज्यांच्याकडे भट्टी नव्हती, अशा काही कलावंतांना ते पाहून प्रश्न पडला, की हे आणखी कशात करता येईल?

उत्तर तोवर जर्मनीत तयार झालेलं होतं. तेही एका मायलेकींमुळे. केथे क्रूझेचा नवरा शिल्पकार. १९०५ च्या नाताळात थोरल्या लेकीने बाहुली मागितली, तर तो म्हणाला, विकत आणणार नाही, तुम्हीच करा. केथेने टॉवेलात वाळू भरली, बटाट्याचं डोकं लावलं. त्या बटाट्यातून पुढे जगभर नाव झालेला बाहुल्यांचा कारखाना उभा राहिला. १९३९ च्या सुमारास बाहुल्यांच्या डोक्यांसाठी कच्चा माल मिळेना, तेव्हा दुसरी लेक सोफी एका नव्या कृत्रिम मातीच्या मागे लागली. बाहुल्यांना ती जमली नाही. सोफीने ती सोडली नाही, स्वतःच मळत, रंगवत, तिची चित्रं जुळवत राहिली. घरात तिला फिफी म्हणत. १९६० च्या दशकाच्या मध्यावर एका मोठ्या पेन्सिल कंपनीने ती माती घेतली आणि 'फिमो' नावाने विकायला काढली. फिफीचं मोझाइक, म्हणून फिमो. माझ्या लेकीच्या कपाटात त्या नावाची सात पाकिटं आहेत. फि म्हणजे कोण, हे तिलाही माहीत नव्हतं.

न्यूयॉर्कच्या पियर व्हूल्कस या नर्तिकेने आणि तिच्यासारख्या काहींनी या मातीत काचेची कांडी उतरवली. १९९१ मध्ये नॅन रोशचं 'द न्यू क्ले' हे पुस्तक आलं आणि मुरानोने सांभाळलेली विद्या कोणाच्याही जेवणाच्या टेबलावर आली. भट्टी नको, परवानगी नको, दोन माणसं पाठ करून चालायला नकोत. लाटणं आणि पातं पुरतं.

लेकीची कानातली गेल्या वर्षी एका दुकानाने घेतली. पंचवीस जोड, सगळे पानाचे. आम्ही कौतुकाने बघायला गेलो. पुठ्ठ्यावर दुकानाचं नाव छान सोनेरी अक्षरांत छापलेलं. तिचं कुठेच नाही. ती काही बोलली नाही. मी बोलणार होतो, तिने माझा हात दाबला.

घरी आल्यावर तिने काळ्या आणि पांढऱ्या क्लेची एक कांडी करायला घेतली. पोटात अक्षर, मणियारचा म. बारीक चकती कापायची आणि प्रत्येक पानाच्या मागे चिकटवून भाजायची, असा बेत. कांडी ओढताना डावीकडची शिरोरेघ तुटली आणि कापल्यावर पाहतो तर म चा भ झालेला. दुसऱ्यांदाही भ च. तिसऱ्यांदा तिने शिरोरेघ जाड केली, अक्षराच्या पोकळ्यांत पांढरी माती ठासून भरली, रात्रभर कांडी फ्रिजमध्ये ठेवली आणि सकाळी कापली.

भ च्या चकत्याही तिने भाजून घेतल्या. त्या आजोबांच्या डबीत ठेवल्या आहेत, त्या मण्याशेजारी.