आधी पाऊलवाट, मग कायदा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी इतिहासातले काहीतरी लिहून द्या, अशी संपादिकाबाईंची मागणी आली. इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजेलोकांच्या सनावळ्या डोळ्यांपुढे येतात. मी मात्र आज एका अगदी साध्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहे. ती गोष्ट म्हणजे माणसांनी घोळक्याने जमून सुट्टीच्या दिवशी पायी हिंडायला जाणे. यात इतिहास तो कसला, असे कोणी म्हणेल. पण अमेरिकेत मिशिगन नावाच्या समुद्रासारख्या अफाट सरोवराच्या काठी अशा हिंडण्यातूनच एक मोठे कार्य उभे राहिले, आणि त्यात आपल्यासारख्या स्त्रीमंडळांचा वाटा फार मोठा होता. माझी लेक काही वर्षे शिकागोस राहत होती. तिच्याकडे गेले असता तो प्रदेश मी पाहिला आणि परत आल्यावर त्याविषयी मिळेल ते वाचीत गेले. त्यातले निवडक भगिनींपुढे ठेवते.

विसाव्या शतकाच्या आरंभी शिकागो म्हणजे धूर, कारखाने आणि प्रचंड कत्तलखाने यांनी गजबजलेले शहर होते. लाखो माणसे दाटीवाटीने राहत होती. मुलांना खेळायला पटांगणे हवीत, म्हणून तेथे एक संस्था काम करीत असे. मुलांना मोकळी हवा हवी तशी मोठ्यांनाही हवी, हे तिच्या ध्यानात आले आणि 1908 साली तिने शनिवार दुपारच्या पायी सहली सुरू केल्या. आगगाडीने शहराबाहेर जायचे, रानावनातून काही मैल चालायचे आणि परत यायचे, इतकाच कार्यक्रम. स्त्रिया व पुरुष दोघेही येत. या खटपटीत पुढे असलेले जेन्स जेन्सन हे मूळचे डेन्मार्कचे. शिकागोच्या बागांत साधा मजूर म्हणून ते लागले आणि पुढे उद्यानरचनेतले नामांकित तज्ज्ञ झाले. सहलींना येणारी मंडळी वाढत गेली, तेव्हा 1911 साली त्यांचा रीतसर ‘प्रेअरी क्लब’ स्थापन झाला.

या मंडळींचे आवडते ठिकाण शेजारच्या इंडियाना राज्यात होते. सरोवराच्या दक्षिण काठाने तेथे वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या आहेत. त्यांतली काही शिखरे दोनशे फुटांच्या जवळपास पोचतात. किनाऱ्याची कोरडी वाळू पायाखाली चक्क कुईकुई वाजते! प्रथम मला वाटले, माझीच चप्पल वाजते आहे. सरोवराकडून आत चालत गेले की आधी उघडी वाळू लागते, मग वाळूला धरून ठेवणारे चिवट गवत, मग तुरळक झाडे, पुढे पाइन आणि शेवटी ओकचे दाट रान. शिकागो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री काउल्स यांनी याच चढणी तुडवून 1899 साली दाखवून दिले, की एका वनस्पतीने जागा तयार करायची आणि दुसरीने तेथे येऊन राहायचे, असा हा क्रम आहे. म्हणजे किनाऱ्यापासून रानापर्यंतची वाट ही शेकडो वर्षांची वाट आहे. जंगल कसे जन्मते, हे तेथे तासाभरात पायी चालून पाहता येते.

आता दुसरी बाजू पाहा. 1906 साली याच काठावर एका पोलाद कंपनीने टेकड्या सपाट करून गॅरी हे शहर वसवले. पलीकडे मिशिगन सिटी गावाजवळ हूझिअर स्लाइड नावाची भली थोरली टेकडी होती. तिची वाळू काच करायला उत्तम, म्हणून ती वाघिणींत भरून नेऊ लागले. घरोघरी फळे टिकवण्यासाठी बायका ज्या काचेच्या बरण्या वापरीत, त्यांत या टेकडीची वाळू होती. पहिले महायुद्ध संपून थोडे दिवस झाले नाहीत तोच टेकडी नाहीशी झाली होती. पुढे त्या जागी वीजनिर्मिती केंद्र उभे राहिले. आपल्या फडताळातल्या लोणच्याच्या बरणीकडे पाहताना मला अजून त्या टेकडीची आठवण होते. बरणी वाईट नव्हे. पण ती कोठून आली, हे घरातल्या बाईला ठाऊक असावे.

शनिवारी चालायला येणाऱ्यांना ते ठाऊक झाले, कारण गेल्या वेळी पाहिलेली टेकडी पुढच्या वेळी जागेवर नसे. 1913 साली क्लबाने ट्रेमाँट येथे किनाऱ्यावर आपले विश्रांतिगृह बांधले. 1916 साली अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांचे स्वतंत्र खाते निघाले. त्याचे प्रमुख स्टीफन मॅथर यांनी त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात शिकागोस जाहीर सुनावणी घेतली, आणि टेकड्यांचे उद्यान व्हावे म्हणून एकामागून एक माणसे उठून बोलली. 1917 साली टेकड्यांतच भव्य इतिहासनाट्य करण्यात आले आणि ते पाहायला हजारो लोक लोटले. पण त्याच वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली, आणि टेकड्यांचा प्रश्न बासनात गेला.

तो बासनातून बाहेर काढला बायकांनी. गॅरीच्या बेस शीहन या बाई इंडियानातील महिला मंडळांच्या महासंघाच्या कार्यकर्त्या होत्या. त्यांनी गावोगावच्या मंडळांत व्याख्याने दिली, आमदारांना गाठले आणि राष्ट्राचे उद्यान होत नसेल तर राज्याचे तरी होऊ द्या, असा धोशा लावला. 1923 साली विधिमंडळाने कायदा केला आणि 1925 साली किनाऱ्याच्या सुमारे तीन मैल पट्ट्याचे राज्य-उद्यान झाले. मागणी केवढी मोठी होती आणि पदरात पडले किती! पण जे पडले ते कायमचे पडले.

बाकीचा किनारा उघडाच राहिला. तेथे मोठे बंदर आणि आणखी पोलाद कारखाने आणण्याचा घाट घातला गेला. तेव्हा 1952 सालच्या जूनमध्ये डोरोथी ब्यूएल या पासष्टीच्या बाईंच्या घरी 21 स्त्रिया जमल्या आणि त्यांनी ‘सेव्ह द ड्यून्स कौन्सिल’ काढली. म्हणजे ‘टेकड्या वाचवा मंडळ’च म्हणा ना! 1953 साली त्यांनी काउल्स यांच्या नावाची एक दलदल विकत घेऊन राखली. पत्रे लिहिली, सह्या गोळा केल्या. इंडियानाचे पुढारी उद्योगांच्या बाजूचे, म्हणून शेजारच्या इलिनॉय राज्याचे सिनेटर पॉल डग्लस यांना त्यांनी आपलेसे केले. त्यांनी 1958 साली संसदेत विधेयक मांडले.

येथे गोड शेवट झाला असता तर बरे झाले असते. पण 1960 नंतरच्या काही वर्षांत ज्या मधल्या टेकड्यांसाठी सारा झगडा होता, त्याच कारखान्यासाठी सपाट करण्यात आल्या. तेथली वाळू शिकागोजवळच्या एका विद्यापीठाने सरोवरात भर घालून आवार वाढवण्यासाठी घेतली! शेवटी तडजोड झाली. बंदरही झाले आणि 5 नोव्हेंबर 1966 रोजी राष्ट्रीय किनाऱ्याच्या कायद्यावर सही झाली. सहीनंतर तीनच दिवसांनी झालेल्या निवडणुकीत डग्लस पडले. 2019 सालच्या फेब्रुवारीत त्या किनाऱ्याला राष्ट्रीय उद्यान हे नाव मिळाले. 1916 च्या सुनावणीपासून मोजले तर 102 वर्षे होतात.

मी तेथे चालले तेव्हा एका बाजूला ओकचे रान होते आणि दूर दुसऱ्या बाजूला धुराडी दिसत होती. विजय आणि पराभव शेजारी शेजारी उभे आहेत. जे राहिले ते कशाने राहिले, याचा मी पुष्कळ विचार केला. कायद्याने, हे खरेच. पण कायदा झाला तो सभा झाल्या म्हणून, आणि सभांत बोलायला माणसे उठली ती तेथून चालून आलेली होती म्हणून. नकाशावरच्या जागेसाठी कोणी भांडत नाही. जिथे आपण धापा टाकीत चढलो, जिथल्या झाडाखाली शिदोरी सोडली, तिच्यावर कुदळ पडली की आपल्याला लागते. ‘ही जागा आमची’ असे म्हणायचा अधिकार सातबाऱ्याने मिळतो तसा पायांनीही मिळतो.

आपल्या मंडळात हळदीकुंकू होते, पाककृतींच्या स्पर्धा होतात, वर्षातून एकदा आवळीभोजनही होते. त्यात आणखी एक भर घालावी, एवढीच माझी सूचना आहे. महिन्यातून एक रविवार आपण सगळ्यांनी मिळून गावाबाहेरची टेकडी, ओढा, देवराई पायांखाली घालावी. सुना, नाती बरोबर असाव्यात. जिला जमेल तिने झाडांची नावे शिकवावीत, जिला आठवतील तिने जुन्या पाणवठ्यांच्या गोष्टी सांगाव्यात. कोणते झाड होते आणि कोणते गेले, याची वहीत नोंद ठेवावी. पुढे कधी त्या टेकडीवर घाव घालायला कोणी आले, तर ती आपल्याला माहीत असलेली टेकडी असेल. त्या बायका 21 होत्या. आपल्या मंडळाचे हजेरीपुस्तक काढून पाहा, आपण त्याहून पुष्कळ अधिक आहोत.