समुद्र दरवर्षी सारखाच कार्बन शोषतो का?

पाठ्यपुस्तकातील कार्बनचक्राची आकृती आपल्या परिचयाची आहे. हवेकडून समुद्राकडे जाणारा एक बाण, उलट येणारा दुसरा, आणि प्रत्येकावर एक आकडा. हा आकडा दरवर्षी तोच असतो का, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर काय सांगावे? या प्रश्नाला स्वतःचा इतिहास आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळांची समजूत अशी होती की कारखान्यांचा धूर समुद्र सहज पचवून टाकेल. समुद्रात हवेच्या पन्नासपटीच्या आसपास कार्बन आहे, तेव्हा समजूत अगदीच निराधार नव्हती. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेच्या रॉजर रेव्हेल आणि हान्स स्यूस यांनी एका अडचणीकडे बोट दाखवले, आणि १९५९ मध्ये बर्ट बोलीन व एरिक एरिकसन यांनी ती गणिताने स्पष्ट केली. विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडची समुद्रातील कार्बोनेटशी प्रक्रिया होऊन बायकार्बोनेट बनते. पण कार्बोनेटचा साठा मर्यादित असतो. त्यामुळे हवेतील वायू १० टक्क्यांनी वाढला, तर पृष्ठभागाच्या पाण्यातील एकूण विरघळलेला कार्बन जेमतेम १ टक्क्याने वाढतो. समुद्राची भूक मोठी, पण घास लहान!

१९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ येथे हवेतील या वायूची नोंद सुरू केली. तेव्हा दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग असे प्रमाण होते. आलेख वर चढत गेला, हे सर्वश्रुत आहे. आम्हांला त्यातली दुसरी गोष्ट अधिक बोलकी वाटते. धूर बऱ्यापैकी एकसारखा वाढत असताना हवेतील वाढ मात्र एका वर्षी जास्त, दुसऱ्या वर्षी कमी अशी होत होती. म्हणजे समुद्र किंवा जमीन, कोणीतरी हिशेब बदलत होते.

स्क्रिप्समधीलच रॉबर्ट बॅकास्टो यांनी १९७६ मध्ये या चढउताराची सांगड दक्षिणी आंदोलनाशी घातली. हे आंदोलन गिल्बर्ट वॉकर यांनी भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असताना, मॉन्सूनच्या अंदाजाच्या खटपटीत शोधले होते. आपल्या पावसासाठी केलेले काम असे पॅसिफिकच्या कार्बनला उपयोगी पडले.

यामागचे कारण नंतरच्या जहाजी मोजमापांनी उलगडले. विषुववृत्तीय पॅसिफिकमध्ये एरवी खोलवरचे, कार्बनने भरलेले पाणी वर येते आणि वर्षाला एक अब्ज टनाच्या आसपास कार्बन हवेत सोडते. (हे टन कार्बनचे आहेत, कार्बन डायऑक्साइडचे वजन हवे असेल तर ३.६७ ने गुणावे. वर्गात हा घोटाळा हमखास होतो.) जोरदार एल निनोच्या वर्षी हे पाणी वर येणे मंदावते आणि ही गळती निम्म्याहून कमी होते. मग एल निनोत हवेतील वाढ घटायला हवी. प्रत्यक्षात सुरुवातीला थोडी घट दिसते, आणि मागोमाग मोठी वाढ होते. कारण त्याच काळात उष्ण कटिबंधातील जमिनीवर दुष्काळ पडतो आणि जंगले पेटतात. १९९७-९८ मध्ये इंडोनेशियात हेच झाले.

आपला अरबी समुद्रही असाच सोडणाऱ्यांपैकी आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात केलेल्या मोजमापांत, विशेषतः नैऋत्य मॉन्सूनमध्ये वर येणाऱ्या पाण्यामुळे, तो हवेला कार्बन देतो असे आढळले.

खरा वाद मात्र अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरावर रंगला. माणसाने सोडलेला जो कार्बन समुद्र घेतो, त्यातील सुमारे ४० टक्के या भागातून आत शिरतो. २००७ मध्ये कोरीन ल केरे आणि सहकाऱ्यांनी हवेतील नोंदींवरून असे मांडले की १९८१ ते २००४ या काळात हा शोषक अपेक्षेइतका वाढलाच नाही. पश्चिमी वारे जोरदार झाले, त्यांनी खोलवरचे जुने पाणी वर खेचले आणि त्यातला कार्बन बाहेर पडू लागला. वारे जोरदार होण्यामागे ओझोनच्या छिद्राचाही हात होता. समुद्राचे पोट भरत आले की काय, अशी भीती साहजिकच व्यक्त झाली.

२०१५ मध्ये पीटर लँडशुट्झर, निकोलस ग्रुबर आणि इतरांनी जहाजांवरील लाखो मोजमापे एकत्र करून वेगळेच चित्र दाखवले. २००२ च्या सुमारास शोषण पुन्हा वाढू लागले होते, आणि २०१२ पर्यंत ते अपेक्षित पातळीवर आले होते. वीस वर्षांचा कल पाहून पुढच्या शतकाचे भाकीत करणे किती जोखमीचे, हे यावरून कळते.

तरी हा हेलकावा खरा किती आणि मोजमापांच्या विरळपणाचा किती? दक्षिण महासागरात हिवाळ्यात जहाजे क्वचितच जातात, आणि रिकाम्या जागा संगणकाने भराव्या लागतात. २०२१ मधील एका तपासणीत असे दिसले की या पद्धतीने तेथील दशकी चढउतार सुमारे ३१ टक्के फुगवून दिसतात. २०१४ पासून आम्लता मोजणारी स्वयंचलित तरंगयंत्रे तेथे सोडली जात आहेत. हिवाळ्यातही ती बर्फाखाली काम करतात, आणि त्यांच्या पहिल्या नोंदींत अंटार्क्टिकाजवळचा समुद्र हिवाळ्यात अंदाजापेक्षा अधिक कार्बन सोडताना आढळला. जहाजांचे आकडे आणि या यंत्रांचे आकडे यांचा मेळ घालण्याचे काम चालू आहे.