‘फा’ या चिनी अक्षरांतील पाणी

चिनी भाषेंत कायद्यास ‘फा’ म्हणतात. हें अक्षर लिहितांना डावीकडे पाण्याचे तीन थेंब व उजवीकडे ‘जाणें’ या अर्थाचें चिन्ह काढतात. कायद्याच्या अक्षरांत पाणी कशास, या प्रश्नाचें प्रसिद्ध उत्तर शू शेन या कोशकारानें दिलें आहे. त्याचा कोश इ. स. १०० मध्यें सिद्ध होऊन १२१ मध्यें बादशहास सादर झाला. त्यांत ९,३५३ अक्षरांची फोड आहे. ‘फा’च्या जुन्या रूपांत एका शिंगाच्या काल्पनिक पशूचेंही चिन्ह असे. कायदा पाण्यासारखा समतल, म्हणून पाणी. आणि कुटिलास तो पशु शिंगानें हुसकून लावतो, म्हणून पशु व ‘जाणें’, अशी शू शेनची उपपत्ति.

उपपत्ति मोहक खरी. परंतु कोशापेक्षां अस्सल लेख बलवत्तर, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. चौ राजवंशाच्या आरंभकाळचें ‘ता यू तिंग’ नांवाचें काशाचें पात्र आहे. त्यावर २९१ अक्षरांचा लेख असून तो शू शेनच्या पूर्वीं सुमारें हजार वर्षें कोरलेला आहे. त्यांत राजा आपल्या सरदारास बजावतो कीं, माझी आज्ञा टाकूं नको. आणि या ‘टाकणें’च्या जागीं हेंच अक्षर आहे! १९७५ मध्यें हूपै प्रांतांत युन्मंग येथें छिन अमदानींतील एका अंमलदाराच्या थडग्यांत अकराशेंवर बांबूच्या पट्ट्या निघाल्या. त्यांतही हें अक्षर एके ठिकाणीं ‘कायदा’ तर दुसरे ठिकाणीं ‘रद्द करणें’ या अर्थीं येतें.

यावर कोणी म्हणेल कीं, दोन शब्दांच्या उच्चारसाम्यामुळें एकाचें अक्षर दुसऱ्यास उसनें दिलें असेल. हें शक्य आहे. चिनी लिपींत असे प्रकार पुष्कळ. तथापि मग समतलपणाची कल्पना मूळची होती, हें सिद्ध करण्याचा भार तिच्या पुरस्कर्त्यांवर पडतो. आणि आमच्या मतें एकट्या कोशाच्या आधारानें तो पेलत नाहीं.

या चर्चेशीं आपलाही संबंध आहे. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरकारांनीं ‘धर्म’ शब्दासाठीं हेंच अक्षर योजिलें. कुमारजीवानें इ. स. ४०६ मध्यें केलेल्या ‘सद्धर्मपुंडरीका’च्या भाषांतराच्या नांवांतच तें आहे. तेवढ्यावरून चिनी लोकांनीं धर्मांत पाण्याची समता पाहिली असें अनुमान करणें घाईचें होय. बौद्ध परिभाषेंत ‘धर्म’ म्हणजे पदार्थमात्र असाही अर्थ असून तेथेंही ‘फा’च येतो, त्या अर्थाशीं ना कायद्याचा संबंध, ना पाण्याच्या पातळीचा. नियम, आदर्श हा ‘फा’चा रूढ अर्थ भाषांतरकारांस पुरेसा होता, अक्षराची फोड करण्याचें त्यांस कारण नव्हतें.

पशु गाळलेलें लघुरूप खुद्द शू शेननेंच नोंदलें असून पुढें तेंच रूढ झालें. अक्षरांत पाणी तेवढें उरलें, म्हणून सर्वांची दृष्टि त्यावरच खिळते. तो पशु मात्र मिंग व छिंग अमदानींत, अधिकाऱ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या अंमलदारांच्या झग्यावर, छातीवरील चौकोनी पदकांत भरलेला दिसतो.