इंग्रजीतील जुळ्या शब्दांची फारकत

इंग्रजी लिहिताना ज्या शब्दांत हमखास गफलत होते, त्यांतल्या कित्येक जोड्या मुळात एकाच शब्दाच्या आहेत. फूल आणि पीठ यांची इंग्रजी नावे कानाला आजही सारखीच लागतात. दळण चाळून निघालेला सर्वांत बारीक, उत्तम भाग म्हणजे त्या धान्याचे ‘फूल’. पिठाला नाव पडले ते त्यावरून. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही हे दोन शब्द वेगळे काढलेले नाहीत. धातूचा ‘मेटल’ आणि अंगातल्या धमकेचा ‘मेटल’ शेक्सपिअरच्या काळी कोणत्याही स्पेलिंगने लिहिले तरी चालत. ‘स्टेशनर’ म्हणजे फेरी न करता एका जागी दुकान थाटून बसलेला पुस्तकविक्रेता. विद्यापीठांच्या आसपास असे विक्रेते असत. त्याच्या मालाची ‘स्टेशनरी’ आणि ‘स्थिर’ या अर्थाची ‘स्टेशनरी’ यांत आज फक्त ‘ई’ आणि ‘ए’ या एका अक्षराचा फरक आहे.

काही जोड्यांची गोष्ट उलटी आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि पुढे हळूहळू स्पेलिंग स्थिरावले. उच्चार मात्र बदलतच राहिले. मांस आणि भेटणे यांचे ‘मीट’ पूर्वी वेगळे ऐकू येत. आता फरक उरला तो कागदावर.

त्यातच लॅटिनमधून जड शब्दांची आयात वाढली. रॉबर्ट कॉड्रीने १६०४ मध्ये अशा सुमारे अडीच हजार शब्दांचा कोश काढला, तो मुख्यतः लॅटिन न शिकलेल्या स्त्रियांसाठी. या शब्दांची फजिती रंगभूमीने उचलली नसती तरच नवल. शेरिडनच्या ‘द रायव्हल्स’ (१७७५) या नाटकातल्या मिसेस मॅलाप्रॉप नाईलकाठच्या मगरीची, म्हणजे ‘अ‍ॅलिगेटर’ची, ‘अ‍ॅलेगरी’ करून टाकतात. अशा चुकीला इंग्रजीत त्यांचेच नाव मिळाले.

अठराव्या शतकात नियम सांगणाऱ्यांचा सुकाळ झाला. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यूअर’ आणि न मोजता येणाऱ्यांना ‘लेस’, हा भेद रॉबर्ट बेकरने १७७० मध्ये मांडला, तोही केवळ स्वतःची आवड म्हणून. राजा आल्फ्रेडच्या काळापासून ‘लेस’ दोन्हीकडे बिनदिक्कत वापरात होता. तरी शिक्षकांनी त्या आवडीचा कायदा केला. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निःपक्षपाती आणि ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे बेफिकीर, ही वाटणीही अशीच मागाहूनची. सतराव्या शतकात दोन्ही शब्द नेमक्या उलट अर्थांनीही सापडतात.

हेन्री फाउलरच्या १९२६ च्या ‘मॉडर्न इंग्लिश यूसेज’मध्ये अशा फसव्या जोड्यांची स्वतंत्र नोंद आहे. पुढच्या मार्गदर्शकांनी तोच कित्ता गिरवला. बेकरची आवड मात्र अजून भांडणे लावते. दहा किंवा कमी वस्तू घेणाऱ्यांच्या रांगेवरील पाटीत ‘लेस’ असल्याची ओरड ब्रिटनमध्ये होत असे. टेस्को या दुकानसाखळीने २००८ मध्ये दोन्ही शब्द टाळून ‘दहा वस्तूंपर्यंत’ अशा अर्थाच्या पाट्या लावायला घेतल्या.